खांब परत पाहिजे

“का बे साकिब, खांब विकतो काय?”

सकाळचे सात वाजायला आले होते. मी डबा भरत होते आणि फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून ठेवला होता. मेसेज वाचून मला हसू आलं. याला सकाळी सकाळी काय सुचून राहिलं, असं मनात येतं न येतं तोच हातातला चमचा हातातच राहिला. मेसेजवर नाव हेरंबचं होतं. आणि हेरंब डिसेंबरात गेला होता. अंबाझरी घाटावर त्याच्या वडिलांच्या मागे मी स्वतः उभी होते.

मी बघत असतानाच खाली दुसरा मेसेज आला.

“बदल्यात बिजली देतो. बोल लवकर, मुदत संपून राहिली.”

ही भाषा आमच्या ग्रुपबाहेरच्या कुणाला कळली नसती. हेरंब देवतळे, साकिब, परिमल आणि मी, आम्ही चौघं नागपूरच्या एकाच मैदानावर बास्केटबॉल खेळत मोठे झालो. ते तिघं मुलांच्या संघात, मी मुलींच्या. गुडघे बोलायला लागले, नोकऱ्या लागल्या, साकिब शारजाला गेला, परिमल सीए होऊन पुण्यात बसला, आणि आमचा खेळ फोनवर आला. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. तिकडच्या खेळाडूंमधून प्रत्येकानं आठ जणांचा आपापला संघ निवडायचा. त्यांनी तिकडे जितके पॉइंट काढले तितके इकडे आपल्या खात्यात. एकदा घेतलेला खेळाडू सोडून द्यायचा नाही, पुढच्या हंगामातही नाही, फक्त बदलून घ्यायचा. हंगामभर खेळाडूंची अदलाबदल करायची, तिच्यासाठी भांडायचं, आणि तिकडचे सौदे ज्या दिवशी बंद होतात त्या दिवशी आमचेही बंद.

अट एकच होती, सॅलरी कॅप. आपल्या आठही खेळाडूंचे तिकडचे खरे पगार मिळून ठरलेल्या मर्यादेवर जाता कामा नयेत. जखमी होऊन घरी बसलेल्याचाही पगार त्यात धरायचा. तिला आम्ही ‘टोपी’ म्हणायचो. त्यावरून ग्रुपचं नाव ‘टोपीवाले’. खेळाडूंना नावंसुद्धा आमचीच. चपळ गार्ड होता तो बिजली. सात फुटी, अवाढव्य पगाराचा सेंटर होता तो खांब. बाकीचे काडी, सुपारी, मोहन असे.

साकिबचा फोन आलाच.

“वृंदा, पाहिलं तू?”

“पाहिलं.”

“कोण आहे हा नालायक? मेलेल्या माणसाच्या नावानं मस्करी करून राहिला!” तो ओरडत होता. “मी सांगतो तुला, हा त्याचा फोन कुणीतरी उचलला आहे. दवाखान्यात वगैरे. अगं, खांबासाठी बिजली? हेरंब मेला तरी असा सौदा करणार नाही!”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं फोन ठेवून दिला.

साकिबची जखम आम्हा दोघांपेक्षा ओली होती. ते दोघं शाळेपासूनचे. हेरंब गेला तेव्हा साकिबला सुट्टी मिळाली नाही, आणि मिळाली तोवर इथलं सगळं आटोपलं होतं. आणि खांबाची गोष्ट तर खास त्या दोघांची. हेरंब गेला त्याच वर्षी जानेवारीत खांब त्याच्या संघात होता. एका सकाळी चालू सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली. हेरंब तो सामना बघत होता, आम्ही बाकीचे झोपेत. त्यानं तडक साकिबला मेसेज टाकला, खांब देतो, घे. शारजात तेव्हा उजाडलंही नव्हतं. अर्धवट झोपेत साकिब हो म्हणाला आणि पुन्हा झोपला. उठून बातमी वाचली तेव्हा त्याच्या टोपीत खेळू न शकणारा खांब आणि त्याचा तो पगार. “टोपी घातली बे तुला!” असं हेरंबनं पुढे किती वेळा म्हटलं असेल! साकिब वर्षभर त्याला शिव्या घालत होता. हेरंब आजारी पडला तरी त्यानं त्या थांबवल्या नव्हत्या. रक्ताचा कॅन्सर आहे हे कळल्यावर पहिल्या दिवशी आम्ही जरा सांभाळून बोललो, तर हेरंबनं लिहिलं होतं, “मेलो नाही अजून. नीट भांडा.”

मी शाळेत शिकवायला पोचेपर्यंत साकिबनं ग्रुपवर विचारलेलं होतं, “कोण आहेस तू?”

उत्तर आलं, “तुझा बाप. सौद्याचं बोल.”

मी स्टाफरूममध्ये बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. ‘तुझा बाप’ हे हेरंबचं ठेवणीतलं उत्तर. कुणीही, कधीही, कोण आहे म्हणून विचारलं की हेच. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, मी मुलांना जीवशास्त्र शिकवते. पण त्या दिवशी पेशीविभाजन शिकवताना फळ्यावर काय काढत होते ते मला कळत नव्हतं.

परिमलनं दुपारी लिहिलं, “हा सौदा तसाही टोपीत बसत नाही. खांबाचा पगार बिजलीहून खूप मोठा आहे.” नंतर त्यानं मला फोन केला आणि ओशाळून म्हणाला, “यार, सवयीनं लिहिलं गेलं. कुणाला उत्तर देऊन राहिलो हेच विसरलो.”

त्यालाही उत्तर आलं होतं, “तू मधे ये ना, मग बसते.”

मी काकूंना, म्हणजे हेरंबच्या आईला, फोन करायचं ठरवलं आणि केला नाही. काय विचारणार? काकू, हेरंबचा मेसेज आला आहे? तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले होते. काका बोलायचे, पाण्याच्या टाकीबद्दल, गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल. काकू समोर बसायच्या आणि चहा झाला की उठायच्या. त्या घरात हा विषय घेऊन जायचा माझा धीर होत नव्हता.

रविवार आला. रविवारी सकाळी आमचा कॉल असायचा. व्हिडिओ बंद ठेवून, नुसत्या नावांच्या चौकटी समोर ठेवून आम्ही तासतासभर भांडायचो. हेरंब गेल्यापासून कॉल झाला नव्हता. त्या दिवशी साकिबनं लावला. “आपण तिघं बोलू आणि काय करायचं ते ठरवू,” तो म्हणाला.

“मला वाटते पोलिसांत सांगावं,” परिमल म्हणाला. “सायबरवाले शोधून देतात, नंबर कुठून चालू आहे ते.”

“आणि घरच्यांना काय सांगू?” मी विचारलं. “काका-काकूंच्या दारात पोलीस नेऊ?”

“मग काय, रोज सकाळी हे वाचत बसू?”

एवढ्यात स्क्रीनवर चौथी चौकट उघडली. हेरंब.

आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. चौकटीत त्याचा जुना फोटो, डोक्यावर चेंडू ठेवून हसणारा. खाली माइक बंद असल्याची खूण. बाहेर भाजीवाला ओरडत जात होता आणि मला वाटलं, तो आवाज माझ्याकडून तिथपर्यंत जात असेल.

“कोण आहे?” परिमलनं विचारलं. “कोण आहे ते सांगा, नाहीतर…” नाहीतर काय ते त्याला सुचलं नाही.

चौकट तशीच.

आणि मग साकिब बोलला. मी त्याला पंधरा-वीस वर्षं ओळखत होते, पण त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अगदी बारीक, लहान पोरासारखा.

“हेरंब?”

माइकची खूण बदलली. माइक सुरू झाला. आधी घरघर, मग इंग्रजी कॉमेंट्री, प्रेक्षकांचा गलका, आणि त्या सगळ्याच्या पुढे, अगदी फोनजवळ, कुणाचा तरी श्वास. मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. श्वास एकदम थांबल्यासारखा झाला आणि चौकट नाहीशी झाली.

दवाखान्यात कुकर लागत नाही. मी कॉल तसाच टाकून गाडीची किल्ली घेतली.

त्रिमूर्तीनगरात हेरंबचं घर पहिल्या मजल्यावर. काका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. दार उघडून ते म्हणाले, “आत आहे, त्याच्या खोलीत. रोज सकाळी तिथंच असते. तू आलीस ते बरं झालं.” आणि पुन्हा कुंड्यांकडे गेले.

हेरंबची खोली तशीच होती. पलंग आवरलेला, खिडकीजवळ त्याची खुर्ची. टीव्हीवर सामना सुरू होता, आवाज आता बंद केलेला. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, साडीचा पदर खोचलेला, मांडीवर हेरंबचा फोन. दोन महिन्यांत बाई निम्मी झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन पदराखाली घेतला. मग तो लपवण्यात काही अर्थ नाही हे समजून पुन्हा बाहेर काढला.

“कुकर लावला होता हे विसरूनच गेले मी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या बाजूला बसले.

“काकू, तुम्ही?”

“मग कोण असणार?”

“पण ते शब्द… बे, आणि तुझा बाप…”

काकूंच्या चेहऱ्यावर कसलंसं हसू येऊन गेलं. “शेवटी शेवटी त्याच्या बोटांत कुठं जोर राहिला होता, वृंदा? सुया टोचून टोचून हात सुजले होते. तो सांगायचा आणि मी टाइप करायची. दिवाळीच्या आधीपासून मीच लिहून राहिले होते सगळं. मला आधी लाज वाटे. त्याला म्हणायची, अरे, एवढं घाण मी नाही लिहिणार. तर म्हणे, आई, शब्द बदलू नको, साकिबला लगेच कळते.”

दवाखान्यात मी दर शनिवारी जात होते. काकूंच्या हातात फोन असायचा, मी तो बघितलाही होता. त्या शेवटच्या महिन्यांतली आमची सगळी भांडणं, त्याचे ते टोमणे, मी झोपण्याआधी हसत हसत वाचलेल्या शिव्या, सगळं या बोटांतून आलं होतं.

“मग सरळ तुम्ही म्हणूनच का नाही लिहिलं, काकू? साकिबची काय हालत झाली आहे, माहीत आहे?”

“ऐकली ना आत्ता. हाक मारली त्यानं.” त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाल्या, “मी आई म्हणून लिहिलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? घ्या काकू, हो काकू, तुम्ही म्हणाल तसं काकू. माझ्याशी कोण भांडलं असतं? घरी येतात ते सगळे असंच बोलतात माझ्याशी. हळू हळू. त्याच्याशी तुम्ही कसे भांडायचे! मरायला टेकला होता तरी सोडलं नाही तुम्ही त्याला. तेवढा वेळ त्याच्या तोंडावर रंग यायचा.”

टीव्हीवर कुणीतरी दुरून बास्केट केली. काकूंची नजर आपोआप तिकडे गेली आणि परत आली.

“पण खांबच कशाला, काकू? तो खेळत नाही. दुसरं ऑपरेशन झालं त्याचं. आता खेळेल की नाही तेही कुणाला माहीत नाही. संघाची वाट लागेल.”

काकू बोलायला लागल्या त्या माझ्याकडे न बघता.

“त्या दिवशी मी इथंच होते. चहा घेऊन आले होते त्याचा. टीव्हीवर तो एवढा मोठा माणूस खाली पडला आणि पाय धरून रडायला लागला. लेकरासारखा रडून राहिला होता गं, तोंडावर टॉवेल घेऊन. आणि हेरंब टाळी वाजवून हसला. फोन घेऊन घाईघाईनं काही लिहायला लागला. मी म्हटलं, अरे, तो रडून राहिला, तू हसतोस काय? तर म्हणे, आई, तुला नाही समजत, आता हा कामाचा नाही, याला लवकर काढला पाहिजे. मी चहा ठेवला आणि गेले. मला काय, खेळ आहे पोरांचा.” त्यांनी पदरानं फोनची काच पुसली. “आणि मार्चात याचे रिपोर्ट आले. कंपनीनं आधी पगारी सुट्टी दिली. मग बिनपगारी. मग एक दिवस माणूस आला घरी, ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गेला. हा पलंगावर झोपला होता इथं. म्हणाला, घेऊन जा. मी दारात उभी होते आणि मला तो टॉवेल घेतलेला माणूस दिसला.”

“काकू, त्याचा याच्याशी…”

“माहीत आहे मला. मी काही अडाणी नाही. तिकडे अमेरिकेत त्या माणसाला हेरंबचं नावसुद्धा माहीत नाही. रक्ताचा आजार असा कुणाच्या रडण्यानं होत नाही. हे सगळं माहीत आहे. पण रोज पहाटे डोळा उघडला की तेच समोर येते. पाय मोडला म्हणून बाहेर काढला. त्याची हाय लागली असेल का?”

“हेरंब कधी काही म्हणाला होता?”

“नाही गं. त्याच्या ध्यानातही नव्हतं. हे माझंच आहे.” त्या माझ्याकडे वळल्या. “मला तो खांब परत पाहिजे. नाही खेळला तर नाही. बसून राहू दे. पण घरात असू दे.”

विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. हात गार होता. आणि मी म्हणाले, “सौदा टोपीत बसत नाही काकू. परिमल बरोबर म्हणतो.”

त्यांची मान एकदम वर आली. “बसते! मी काडीला परिमलकडे देते. काडीचा पगार गेला की बसते.”

“लावू फोन?”

त्या घाबरल्या. मग मान हलवली.

मी माझ्या फोनवरून दोघांना घेतलं आणि आवाज मोठा करून फोन आमच्या दोघींच्या मधे ठेवला. “मी हेरंबच्या घरी आहे,” एवढंच म्हणाले.

“साकिब,” काकू म्हणाल्या, “मी आई बोलून राहिले रे, हेरंबची आई. ते मेसेज माझे होते. तुला त्रास झाला. माफ कर बाबा.”

साकिब रडला. आवाज दाबत नव्हता, लपवत नव्हता. परिमल मधेच “काकू, काकू” करत राहिला. काकू थांबल्या. मग म्हणाल्या, “झालं? आता सौद्याचं बोल.”

“घ्या ना काकू,” साकिब म्हणाला. “खांब तुमचाच आहे. बिजली वगैरे नको मला. असाच घ्या.”

“बघ!” काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात इतकी निराशा होती की मी फोन हातात उचलून घेतला.

“साकिब, ऐक. असा नको. काकूंना भांडून पाहिजे. हेरंबला दिला असता तसा.”

फोन कटला की काय म्हणून मी काचेकडे बघितलं. कटला नव्हता.

“का बे,” साकिब म्हणाला आणि अडखळला. “काकू, बोलू?”

“बोल.”

“का बे हेरंब,” तो पुन्हा म्हणाला. आवाज अजून ओला होता, पण चढत होता. “मला काय येडा समजून राहिला? एकदा टोपी घातली तेवढी पुरे नाही झाली? वर्षभर तो खांब उरावर घेऊन बसलो मी, शेवटच्या नंबरावर आलो, आणि आता तुला दया येऊन राहिली? यात तुझा काय डाव आहे ते आधी सांग!”

काकूंनी डोळे मिटले. मग उघडले, आणि ताठ बसल्या.

“डाव नाही काही. बिजली देऊन राहिलो ना. घ्यायचा तर घे, नाहीतर बस खांबाला कवटाळून.”

“बिजलीचा खांदा दुखावला आहे, मला माहीत नाही वाटते? मागच्या तीन सामन्यांत काय दिवे लावले त्यानं?”

“खांदा? काल चोवीस काढले! बघतोस तरी का सामने, का नुसता तिथं वाळू मोजतोस?”

“एक मिनिट,” परिमल मधे पडला. त्याचाही आवाज बदलला होता. “काडी माझ्याकडे आला तर माझे नऊ होतात आणि तुझे सात. आठच पाहिजेत. हे विसरला तू.”

काकूंनी जीभ चावली. हे खरंच त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. “मग तू एक दे इकडे. स्वस्तातला.”

“सुपारी देतो.”

“सुपारी? त्या सुपारीला तर कोर्टवर बाक पुसायलाही घेत नाहीत! मोहन दे.”

“मोहन? आई शप्पथ, हेरंब, तुझी हिंमत तर बघ!”

आता तिघंही एकदम ओरडत होते. मीही ओरडत होते, कारण मोहनवर माझा डोळा होता आणि तिघांतला सौदा असला की चौथ्याचं, म्हणजे माझं, मत लागायचं. काकूंचे गाल लाल झाले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कधी वाढवला ते मला कळलं नाही. खोलीत नुसता गलका झाला होता. सामना, साकिब, परिमल, काकू, मी.

“हेरंब!” हॉलमधून काकांचा आवाज आला, चिडलेला, रोजच्यासारखा. “अरे आवाज कमी कर! केव्हापासून सांगून राहिलो!”

सगळं थांबलं. फोनमधलेसुद्धा थांबले, त्यांनीही ऐकलं होतं. टीव्हीवर गलका तेवढा चालू होता.

काका दारात आले. हातातून पाणी निथळत होतं. आपण काय म्हणालो हे त्यांना कळलेलं होतं. ते चौकट धरून उभे राहिले आणि खोलीभर बघत राहिले, पलंगाकडे, खिडकीजवळच्या खुर्चीकडे, आमच्याकडे. काकांनी हाक मारली त्या क्षणी मीसुद्धा मान वळवून खुर्चीकडे बघितलं होतं.

“हो,” काकू शेवटी म्हणाल्या. “करते कमी.”

त्यांनी रिमोट घेऊन आवाज कमी केला. काका पलंगाच्या दुसऱ्या कडेला येऊन बसले, हात तसेच ओले ठेवून. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “कोण पुढे आहे?”

सौदा झाला. परिमलनं मोहन दिला नाही, सुपारीच दिला, आणि काकूंनी दात-ओठ खात तो घेतला. मी मत दिलं. बिजली साकिबकडे गेला आणि खांब हेरंबच्या संघात परत आला.

तो हंगामभर एकदाही कोर्टवर उतरला नाही. हेरंबचा संघ शेवटचा आला आणि साकिब पहिला. तिकडे खांब सूट घालून बाकावर बसायचा, टाइमआउट झाला की उठून सहकाऱ्यांना टाळ्या द्यायचा. काकू मला लिहायच्या, “आज निळा कोट होता.” ग्रुपवर मात्र त्या हेरंब म्हणूनच लिहीत राहिल्या. आम्हीही तसेच भांडत राहिलो. दर सकाळी ते नाव स्क्रीनवर उमटलं की माझं काळीज आधी उसळायचं आणि मग खाली बसायचं. साकिबचंही तसंच होत होतं हे त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण कुणीही काकूंना बंद करा म्हणालं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी, नवा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, खांबानं निवृत्ती जाहीर केली. बातमी वाचली आणि मी शाळेतून अर्धी सुट्टी घेऊन त्रिमूर्तीनगरला गेले. त्या एकट्या असताना ती त्यांना कळू नये एवढंच डोक्यात होतं.

त्यांना कळली होती. टीव्हीवर तेच सुरू होतं. मोठ्या टेबलामागे तो माणूस बसला होता, शेजारी बायको आणि दोन मुली. तो बोलता बोलता हसत होता आणि डोळे पुसत होता.

“स्वतः चालला आहे,” काकू म्हणाल्या. “त्याला काढलं नाही ना कुणी?”

“नाही काकू. संघ ठेवून घ्यायला तयार होता. तोच म्हणाला, पुरे आता.”

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. तो उठला, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, तो जरासा लंगडत दारातून गेला. काकूंनी टीव्ही बंद केला. हेरंबचा फोन चार्जिंगवरून काढून त्या माझ्या बाजूला बसल्या.

“हा नंबर आता ग्रुपमधून कसा काढायचा?”

“मी काढते, माझ्या फोनवरून.”

“तू नको काढू,” त्या पटकन म्हणाल्या. “कुणीच नको. यातूनच होते ना? त्याच्या फोनवरून?”

“होते.”

मी दाखवलं. त्यांनी चष्मा नीट केला, बोट काचेवर ठेवलं. फोननं खात्री आहे का म्हणून विचारलं. काकूंनी एकदा खिडकीकडे बघितलं आणि बोट टेकवलं.

माझ्या हातातल्या फोनवर ओळ उमटली. हेरंब ग्रुपमधून बाहेर पडला.

लगेच साकिबचा फोन आला. मी उचलला, पण तिकडून शब्द येत नव्हता, नुसता श्वास येत होता. काकूंनी हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला आणि कानाला लावला.

“हो रे बाबा,” त्या म्हणाल्या. “गेला तो. मी आहे ना. माझा नंबर लिहून घे, आणि मला आत घे.”